सरकारी आगबोटींवरील कोकणचे खलाशी

आपल्या भंडारी ज्ञातीच्या स्मरणिकांचे जुने अंक चाळू लागले म्हणजे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. इतिहासविषयक लेख बहुधा मायनाक भंडारी यांच्यापासून सुरू होतो. इ. स. १६७९ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने त्यांनी खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला, इंग्रजांनी बेटाला वेढा घातला, तरीही काम थांबले नाही, हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो. तो सांगितलाच पाहिजे. पण तेथून लेखक जी उडी घेतो ती थेट रावबहादूर सीताराम केशव बोले आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या चरित्रांवर येऊन थांबते. मधली सव्वादोनशे वर्षे जणू आपण कोणी अस्तित्वातच नव्हतो!

त्या सव्वादोनशे वर्षांत आपली माणसे माडांवर चढत होती, खोताची शेते कसत होती, मुंबईत शिपाईगिरी करीत होती आणि समुद्रावरही होती. तथापि त्यांतील अनेकजण स्वराज्याच्या आरमारात नव्हते, सरकारच्या चाकरीत होते. आणि ही गोष्ट अडचणीची वाटते म्हणूनच की काय, आपले लेखक ती टाळतात. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत उभारलेली भंडारी मिलिशिया ही मुंबई पोलिसांची आदिसंस्था मानली जाते. म्हणजे मायनाक भंडारी खांदेरीवर इंग्रजांशी झुंजत होते त्या सुमारास आपलेच काही भाऊबंद समोरच्या बेटावर इंग्रजांचा पहारा करीत होते. इतिहास हा असा असतो. त्यातील निम्मे पान फाडून टाकून उरलेले वाचणे हे निदान शिक्षकास तरी शोभत नाही.

प्रस्तुत लेखात लढाऊ आरमाराची कथा सांगावयाची नाही. सरकारी गलबते दोन प्रकारची असतात. एक तोफा घेऊन लढणारी; दुसरी लढणाऱ्यांच्या मागे राहून सैन्य, दाणागोटा, टपाल वाहणारी, समुद्राची खोली मोजणारी, दीपस्तंभांना तेल आणि शिधा पोचविणारी. या दुसऱ्या प्रकारच्या जहाजांवर काम करणारा मनुष्य सरकारचा नोकर खरा, पण सैनिक नव्हे. कोकणातील हजारो घरांचा संसार या आणि व्यापारी आगबोटींच्या नोकरीवर चालला. हा वारसा एकट्या आपल्या ज्ञातीचा नाही, हेही प्रथमच सांगून टाकतो. कोळी, खारवी, गाबीत, मराठे, दालदी व इतर कोकणी मुसलमान हे सर्व त्या डेकवर एकत्र होते.

या नोकरीचा उगम ईस्ट इंडिया कंपनीच्या सागरी दलात आहे. इ. स. १६१२ साली कंपनीची जहाजे सुरतेजवळ सुवाळीला आली. आजचे भारतीय नौदलही आपली वंशावळ तेथपर्यंत नेते. कंपनीने गुराबा व गलबते बाळगली, आणि पुढे ठाणे सुरतेहून मुंबईला हलल्यावर, १६८६ च्या सुमारास, या दलास बॉम्बे मरीन हे नाव पडले. कान्होजी आंग्रे यांच्याशी ते झगडले. परंतु लढाईखेरीज या दलाने जे दुसरे काम केले त्याची कीर्ती अधिक टिकली. १८२९ ते १८३४ या काळात त्याच्या ‘पॅलिन्यूरस’ आणि ‘बनारस’ या जहाजांनी तांबड्या समुद्राची मोजणी केली. प्रवाळांच्या खडकांनी भरलेला तो समुद्र. वाव-वाव दोरी सोडून, शिशाचा गोळा तळाला लागेपर्यंत खोली मोजावयाची, ती नकाशावर मांडावयाची, की पुढे सरकावयाचे. नकाशावर सही अधिकाऱ्याची असे. भर उन्हात दिवसभर दोरी टाकणारा आणि ओढणारा हात खलाशाचा असे.

त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत बांधलेली, ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि वाटेत एडन, मोखा, जेद्दा असे मुक्काम करीत सुमारे महिनाभराने सुवेझला पोचली. वाफेच्या बळावर मुंबई-सुवेझ असा हा पहिला प्रवास. कोळसा एवढा लागे की, उतारूंच्या खोल्यांतूनही तो भरला होता. त्या वर्षीच दलाचे नाव बदलून इंडियन नेव्ही झाले.

आता एक महत्त्वाची तारीख. १८५७ च्या उठावानंतर राज्यकारभार राणीच्या हाती गेला आणि हिंदुस्थानच्या समुद्राचे रक्षण विलायतेच्या रॉयल नेव्हीने करावे असे ठरले. ३० एप्रिल १८६३ रोजी इंडियन नेव्ही मोडण्यात आली. अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतने मिळाली. जे उरले त्यास पुन्हा बॉम्बे मरीन म्हणू लागले, पण आता ते लढाऊ दल नव्हते. सैन्य पोचविणे, समुद्र मोजणे, बंदरे व दीपस्तंभ राखणे, अंदमानसारख्या दूरच्या ठाण्यांशी दळणवळण ठेवणे, एवढेच त्याचे काम राहिले. १८७७ साली मुंबई व कलकत्ता या दोन विभागांचे मिळून हर मॅजेस्टीज् इंडियन मरीन झाले. १८९२ साली त्यास रॉयल इंडियन मरीन ही पदवी मिळाली, आणि १९३४ पर्यंत ते त्याच नावाने चालले. माझ्या मते सरकारी आगबोटीवरील बिगरलढाऊ चाकरीचा खरा कालखंड हाच, सत्तर वर्षांचा.

या जहाजांवरची व्यवस्था पाहण्यासारखी होती. वर गोरा कप्तान आणि गोरे अधिकारी. खाली आपला सारंग. सारंगाच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, दिवे व सामान सांभाळणारा कसाब, आणि मग खलाशी. इंजिनाच्या पोटात आगवाले, कोळसेवाले, तेलवाले. सर्वांत खाली टोपस, म्हणजे झाडूवाला. स्वयंपाक करणाऱ्यास मात्र ‘भंडारी’ म्हणत! येथे वाचकांची गंमत व्हावयाची. हा भंडारी ज्ञातीने भंडारी असेच असे नाही. भांडार सांभाळतो तो भंडारी, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या गावचा एक मनुष्य ज्ञातीने भंडारी आणि बोटीवर आगवाला होता, त्याला कोणी ‘भंडारी’ म्हणून हाक मारली की दुसराच मनुष्य पळी हातात घेऊन बाहेर येई, असे जुने लोक सांगत.

डेकवरची भाषा हीही एक खिचडीच होती. दोर ओढावयाचा झाला की ‘हबेस’, सैल सोडावयाचा झाला की ‘आर्या’. हा ‘आर्या’ शब्द पोर्तुगिजांचा. फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि हिंदुस्थानी यांच्या या मिश्रणाचा कोश टॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली छापला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या खलाशांशी बोलता यावे म्हणून. म्हणजे साहेबाला आमच्या माणसांची भाषा शिकावी लागली. हेही अभिमानाने सांगावयास हरकत नसावी.

नोकरी मिळे ती बहुधा सारंगाच्या ओळखीने. सारंग आपल्या गावची, वाडीची माणसे बरोबर नेई. त्याचा फायदा असा की परक्या मुलखात गाव बरोबर असे. तोटा असा की सारंगाचे देणे फिटता फिटत नसे. पुढे ही दलाली इतकी माजली की सरकारला १९२२ साली खलाशांच्या भरतीच्या चौकशीसाठी क्लो समिती नेमावी लागली. आणि एवढे करूनही आपल्या माणसाची चढती सारंगापाशी संपे. वीस वर्षे समुद्र पाहिलेला सारंग काल आलेल्या पोरसवदा गोऱ्या अधिकाऱ्यास सलाम करी. रॉयल इंडियन मरीनमध्ये पहिला हिंदी अधिकारी, तोही इंजिन खात्यातला, डी. एन. मुखर्जी हा १९२८ साली नेमला गेला. तोवर दलाला साठ-सत्तर वर्षे होऊन गेली होती.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, की समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजात हे लोक समुद्रावर गेले कसे? सिंधुबंदी ही ज्यांच्या घरी पोट भरण्याची अन्य सोय होती त्यांच्यासाठी होती. आपल्याला ती चैन कधीच परवडली नाही.

या दलाच्या काही जहाजांची नावे जगाच्या इतिहासात आहेत. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे मोजणीचे जहाज मुंबईच्याच गोदीत १८८१ साली बांधले गेले. त्यावर डॉक्टर व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या आल्फ्रेड अल्कॉक याने १९०२ साली आपल्या सफरींवर एक ग्रंथ लिहिला. शेकडो वाव खोल पाण्यात जाळे सोडावयाचे, ते तासन् तास ओढून वर घ्यावयाचे, आणि त्यातून कधी कोणी न पाहिलेले मासे, खेकडे, कोलंबी निघावयाची. ते नमुने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले. ‘हार्डिंज’ ही सैन्यवाहू आगबोट तर किती प्रसंगांत होती! १९०३ साली लॉर्ड कर्झन इराणच्या आखाताच्या दौऱ्यावर गेला तो हिच्यावरून. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी तुर्कांनी सुवेझ कालव्यावर हल्ला केला तेव्हा त्यांचे गोळे हिच्यावर येऊन पडले आणि दोन्ही धुराडी निकामी झाली. जानेवारी १९१७ मध्ये अरब बंडखोरांची एक तुकडी तांबड्या समुद्राच्या काठी वज्ह येथे उतरविली तीही ‘हार्डिंज’नेच. लॉरेन्स ऑफ अरेबियाची कथा सर्व जगाला ठाऊक आहे. धुराडी फुटल्यावर खाली बॉयलरपाशी उभे असलेले आगवाले कोण, त्यांची नावे काय, हे कोणत्याही कथेत नाही.

मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात, म्हणजे इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा रॉयल इंडियन मरीन व व्यापारी जहाजांवरील दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मरण आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे सहा हजारांची नावे ग्रंथरूपाने ठेवली आहेत. त्याची एक प्रत चितगावला आहे. आपल्या मंडळाच्या सहली रायगडास जातात, सिंधुदुर्गास जातात. या ठिकाणी एखादी सहल गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नावाची गोष्ट निघाली म्हणून घरचा एक अनुभव सांगतो. आमचे आजोबा सरकारी आगबोटीवर खलाशी होते. त्यांच्या चाकरीचे तीन कागद आमच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात आहेत. वर्तणूक ‘फार चांगली’, काम ‘फार चांगले’, असा शेरा तिन्हींवर आहे. परंतु पहिल्या कागदावर आडनावाच्या जागी गावाचे नाव आहे. दुसऱ्यावर वडिलांचेच नाव दोनदा आले आहे. तिसऱ्यावर तर आम्ही घरात ज्या नावाने त्यांना हाक मारीत असू तेवढेच नाव आहे. लिहिणारा कारकून कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत गेला, आणि आजोबांना अक्षरओळख नसल्याने त्यांनी तिन्ही ठिकाणी अंगठा उठविला. ते वारल्यानंतर आजी काही रक्कम मिळावी म्हणून अर्ज घेऊन मुंबईला एका कचेरीत गेली. बोटीने तीनदा गेली. हे तीन कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करून आण, असे तिला सांगण्यात आले. ते तिला करता आले नाही. चौथ्यांदा जाण्यास भाड्याचे पैसे नव्हते. मी चौतीस वर्षे शाळेत शिकविले. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव लिहिताना मी बापाला ते तीनदा वाचून दाखवीत असे, आणि सहकारी हसत. ते हसोत बापडे.

असो. १९३४ साली रॉयल इंडियन मरीनची रॉयल इंडियन नेव्ही झाली, म्हणजे दल पुन्हा लढाऊ झाले, आणि बिगरलढाऊ सरकारी चाकरी ही एक निराळी वाट म्हणून हळूहळू नजरेआड झाली. तत्पूर्वी एक मौजेची घटना घडली होती. ‘डफरिन’ ही मरीनची १९०४ सालची सैन्यवाहू आगबोट १९२७ साली माझगावला नांगरून तिच्यावर हिंदी तरुणांना व्यापारी जहाजांचे अधिकारी होण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात झाली. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी हे याच बोटीच्या पहिल्या तुकडीतले. १९७२ साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ साली नव्या मुंबईत नेरूळ येथे ‘चाणक्य’ संस्था झाली. ज्या ‘डफरिन’चे डेक कोकणच्या खलाशांनी घासले त्याच डेकवर अधिकारी घडू लागले, पण त्यासाठी इंग्रजी शिक्षण लागे, फी लागे. आपली मुले खालीच राहिली. स्वातंत्र्यानंतर साध्या खलाशांसाठीही ‘भद्रा’, ‘मेखला’ आणि ‘नौलक्षी’ अशा तीन प्रशिक्षणसंस्था निघाल्या, त्या कलकत्ता, विशाखापट्टणम् आणि गुजरातेतील नवलखी येथे. पिढ्यान् पिढ्या खलाशी पुरविणाऱ्या कोकणच्या किनाऱ्यावर एकही नाही! यात दोष सरकारचा किती आणि आपल्या पुढाऱ्यांच्या मौनाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परदेशांत ही वाट बुजली नाही. ब्रिटनने १९०५ साली रॉयल फ्लीट ऑक्झिलियरी स्थापन केली. आरमाराला तेल, दारूगोळा आणि रसद पोचविणाऱ्या या जहाजांवर नागरी खलाशी व नागरी अधिकारी असतात. अमेरिकेने १९४९ साली असेच एक सागरी वाहतूक खाते निर्माण केले, १९७० पासून ते मिलिटरी सीलिफ्ट कमांड या नावाने चालते. तेथे डेक घासण्यापासून सुरुवात केलेला मनुष्य परीक्षा देत देत कप्तानही होऊ शकतो. सारंगापाशी संपणारा जिना त्यांनी वरपर्यंत नेला, हा त्यातील सार. आपल्याकडे नौदलाची तेलवाहू जहाजे नौसैनिकच चालवितात, म्हणून तशी स्वतंत्र सेवा झाली नाही. मात्र नागरी खलाशी असलेली सरकारी जहाजे आपल्याकडेही आहेत, याची जाणीव पालकांस नसते. दीपस्तंभ खात्याच्या बोटी आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले. १९८३ साली जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ आली. तिच्यावर संशोधक निराळे आणि जहाज चालविणारे नाविक निराळे. ‘इन्व्हेस्टिगेटर’वर जाळे ओढणाऱ्यांचे हे खरे वारस.

आजकालच्या मुलांना मात्र एकच वाट दिसते, ती खासगी दलालाची. माझा एक माजी विद्यार्थी, घरची कलमे गहाण टाकून, मुंबईतील एका दलालास लाखो रुपये देऊन बसला. हातात आले ते बनावट नेमणूकपत्र. परवानाधारक भरतीसंस्थेस खलाशाकडून भरतीबद्दल पैसे घेण्याची नियमाने मनाई आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या बापाला नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर तोपर्यंत मलाही नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या चौकशीत जी दलाली निघाली तीच आज संगणकावर छापलेले कागद घेऊन फिरते आहे.

२०२५ साली नौदलाने बंदरातील आपल्या बोटींसाठी नागरी नोकरांची जाहिरात काढली. जागा तीनशेहून अधिक होत्या. पदांची नावे वाचून मी थक्क झालो : ‘सारंग ऑफ लस्कर्स’, ‘लस्कर’, ‘फायरमन’, ‘टोपस’. कंपनी गेली, राणी गेली, कोळसा गेला. शब्द मात्र जागचे हलले नाहीत. पात्रता म्हणाल तर लस्कराच्या जागेस दहावी, पोहता येणे आणि समुद्रावरील एक वर्षाचा अनुभव. सारंगास त्याचे प्रमाणपत्र. खाडीत वाढलेल्या आणि बापाच्या होडीवर काम केलेल्या मुलास यात अवघड काय आहे? तरीही आमच्या पंचक्रोशीतून फार थोड्यांनी अर्ज केले. विचारले असता एकजण म्हणाला, “गुरुजी, लस्कर म्हटले की गावात हसतात.”

त्याच्याआधीच्या एका भरतीत लागलेला माझा एक विद्यार्थी मुंबई बंदरात अशाच एका बोटीवर आहे. सैनिकांना आणि सामानाला जहाजांपर्यंत पोचविणे, दोर बांधणे, सोडणे हे त्याचे काम. गावात तो “नेव्हीत आहे” एवढेच सांगतो. गेल्या गणपतीत घरी आला तेव्हा मी त्याला ‘हबेस’ आणि ‘आर्या’ हे शब्द अजून चालतात का असे विचारले. तो हसला, म्हणाला, दिवसातून शंभर वेळा. मग मी त्याचे ओळखपत्र मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. त्याचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव, तिन्ही मी रजिस्टरात लिहिले होते तशीच, कान्यामात्रेसकट बरोबर होती.